ओढा ओलांडायची वेळही छापा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत दुर्गम डोंगरवाटांवर पाठीला बिऱ्हाड बांधून केलेल्या भटकंतीचे लेख येतात. मी ते आवडीने वाचते. खिंड किती उंच, रात्री थंडी किती, सॅकचे वजन किती असावे, तंबू कसा निवडावा, हे सगळे त्यांत नीट लिहिलेले असते. वाटेतल्या ओढ्यांच्या वाट्याला मात्र एखादेच वाक्य येते: 'दुपारी ओढा ओलांडून मुक्कामाला पोहोचायचे.' या वाक्यातली दुपार मला खटकते, म्हणून हे पत्र.

नोकरीची सगळी वर्षे मी नद्यांचे पाणी मोजण्यात घालवली. प्रवाहमापक हातात धरून पात्रात उतरायचे, ठरावीक अंतरावर खोली आणि वेग नोंदवायचा, त्यावरून किती पाणी वाहते ते काढायचे. सुट्टी मिळाली की डोंगर. त्यामुळे ओढ्याच्या काठाशी आल्यावर माझी नजर पलीकडच्या वाटेकडे न जाता आधी पाण्याकडे जाते.

बर्फ आणि हिमनद्या वितळून येणाऱ्या ओढ्याचे पाणी दिवसभर सारखे नसते. रात्री वर गारठा पडला की वितळणे मंदावते आणि पहाटे पाणी सर्वांत कमी असते. ऊन चढेल तसे बर्फ सुटू लागते, पण ते पाणी खाली पोहोचायला वेळ लागतो. म्हणून ओढा फुगतो तो उतरत्या उन्हात, संध्याकाळकडे. बर्फापासून जितके लांब जाल तितका हा फुगवटा उशिरा पोहोचतो; बरेच खाली तर रात्री पाणी चढते. सकाळी पोटरीपर्यंत असलेला ओढा त्याच दिवशी चार-पाच वाजता मांडीला लागू शकतो. पावसाच्या ओढ्याचे गणित वेगळे. पाणलोट लहान आणि उतार तीव्र असला की तो बघता बघता चढतो, आणि पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत उतरतोही. दोन्ही ठिकाणी उपाय एकच आहे, थांबणे. आणि नेमकी थांबायलाच आपल्या वेळापत्रकांत जागा नसते.

'मांडीएवढे तर पाणी आहे, त्यात काय!' हे मी अनेक काठांवर ऐकले आहे. खोली डोळ्यांना दिसते, वेगाचा अंदाज येत नाही. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, तिप्पट झाला की नऊपट. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे गुडघाभर पाणी दोन्ही पायांवर साधारण सहा किलोंच्या वजनाइतका रेटा देते, तो माणूस सहज पेलतो. तेच पाणी दुप्पट वेगाने आले तर चोवीस किलो. खोली वाढली की दोन गोष्टी एकदम होतात. पाण्याला ढकलायला शरीर जास्त मिळते आणि पाणी आपल्याला वर उचलू लागते. कमरेइतक्या पाण्यात तळपायांवर येणारे वजन जवळपास निम्मे होते. म्हणजे पाय ठरायला वजन हवे असते तेव्हाच ते कमी होते. दणकट माणसेही वाहून जातात ती यामुळे.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागातले पाणी मोजणारे लोक एक आडाखा वापरत आले आहेत. खोली फुटांत घ्या, वेग सेकंदाला किती फूट तो घ्या, दोन्हींचा गुणाकार करा. उत्तर दहा किंवा त्याहून जास्त आले तर पात्रात पाऊल टाकायचे नाही. अडीच फूट पाणी आणि सेकंदाला चार फूट वेग, की दहा झाले. अडीच फूट म्हणजे मांडी. सेकंदाला चार फूट म्हणजे आपली सपाटीवरची नेहमीची चाल. शिवाय हा आडाखा अंगात तरंगजाकीट घातलेल्या, पाठ मोकळी असलेल्या, पाण्यात उभे राहायची सवय असलेल्या माणसांसाठी आहे. सॅक पाठीवर घेऊन, दिवसभर चालून दमलेल्या आणि शेवाळी गोट्यांवर उभ्या राहणाऱ्याने मर्यादा त्याच्या बरीच खाली ठेवावी. मोजायला यंत्र लागत नाही. एक काटकी मुख्य धारेत फेका आणि काठाने तिच्याबरोबर चालू लागा. पृष्ठभागावरचे पाणी एकंदर प्रवाहापेक्षा थोडे जास्त वेगाने धावते, म्हणजे चूक झालीच तर ती आपल्या बाजूने होते. काटकी तुम्हाला मागे टाकत असेल आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल, तर तिथून ओलांडू नका.

एक प्रसंग सांगते. हिमनदीच्या तोंडापासून फार लांब नसलेला एक ओढा होता. आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. पाणी राखेसारखे करडे, बोटभर खालचेही दिसू नये असे. लाटांच्या आवाजाखाली अधूनमधून एक बोदा, खोल ठोका येत होता आणि काठावर उभे राहिले की तो बुटाच्या तळव्यांतून जाणवत होता. तळाचे धोंडे गडगडत होते. ज्या पाण्यात धोंडे हलतात त्यात माणसाचा पाय ठरत नाही, आणि एखादा धोंडा नडगीवर बसला तर हाड राहत नाही. पण आयोजकांनी दिलेल्या कागदावर त्या दिवशीचा मुक्काम पलीकडे लिहिला होता. पुढे राखीव दिवस नव्हता. परतीची तिकिटे ठरलेली, आमच्यातल्या एका मुलीची रजा संपत आलेली. लीडर तरुण होता, मनाने चांगला होता, पण तो पाण्याकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघत होता. दोर बांधून एकेकाला नेऊ, असे त्याने सुचवले.

मी पाण्याच्या अगदी कडेला एक चपटा पांढरा दगड ठेवला आणि म्हटले, अर्धा तास बघू. तेवढ्या वेळात पाणी दगडावरून वाहू लागले. वाद तिथेच संपला. तंबू काठापासून बरेच वर लावले. रात्री जाग आली की तो ठोका ऐकू येई; केव्हातरी तो बंद झाला. पहाटे विजेरी घेऊन खाली गेले तर दगड कोरडा होता आणि त्याच्यापुढे दोन-तीन पावले ओली वाळू उघडी पडली होती. उजाडल्यावर आम्ही ओलांडले. पाणी इतके गार की मधे गेल्यावर बोटांची जाणीव गेली, पण गुडघ्याला कुठेच लागले नाही. ती मुलगी रजा संपल्यावर एक दिवस उशिरा कामावर गेली.

वाट जिथे ओढ्याला मिळते तिथेच ओलांडायचे, असा नियम नाही. वाट पडली ती पाणी कमी असताना, आज पात्र बदललेले असू शकते. काठाने वर-खाली फिरून जागा शोधायला अर्धा-एक तास गेला तरी तो वाया जात नाही. अरुंद जागा मोहात पाडते, पण तिथेच पाणी सर्वांत खोल आणि जोराचे असते. वळणाचा बाहेरचा काठ खणलेला असतो. पात्र पसरून दोन-चार धारांत फुटलेले असेल तिथे बघावे, किंवा दोन वळणांमधल्या सरळ टप्प्यात. दोन ओढे मिळत असतील तर संगमाच्या वरून दोन लहान ओढे ओलांडणे एका मोठ्यापेक्षा बरे. आणि पाण्यात शिरण्याआधी खाली काय आहे ते बघावे, ही माझी सर्वांना कळकळीची विनंती. पाय सुटला तर मी कुठे जाऊन थांबेन? खाली वाळूचा उथळ पसारा असेल तर भिजण्यावर भागेल. धबधबा, घळ किंवा पात्रात आडवे पडलेले झाड असेल तर ती जागा वर कितीही सोपी दिसो, सोडून द्यावी. आडव्या झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जाते, माणूस अडकतो आणि मागचे पाणी त्याला दाबून धरते.

लीडरचा तो दोर मला अजून आठवतो, कारण ही समजूत फार पसरलेली आहे. कमरेला दोर बांधलेला माणूस पडला तर दोर त्याला वाचवत नाही. दोर ताणला जातो, माणूस एका जागी अडकतो आणि प्रवाह त्याला पाण्याखाली ढकलतो. प्रवाहातल्या बचावाचे रीतसर शिक्षण नसेल तर माणसाला दोर बांधूच नये. त्यापेक्षा दोन काठ्या किंवा ट्रेकिंग पोल कामाचे. प्रवाहाकडे तोंड करून थोडे पुढे झुकायचे, एका वेळी एकच आधार हलवायचा, तिरके खाली सरकत जायचे. बूट काढू नयेत. गार पाण्याने बधिर झालेला अनवाणी पाय दगड ओळखत नाही. सॅकचा छातीवरचा पट्टा सोडावा. कमरेच्या पट्ट्याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत, पण तो एका झटक्यात सुटला पाहिजे यावर सगळ्यांचे एकमत आहे. पडलोच तर उताणे व्हायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने, बोटे पाण्याच्या वर. जोराच्या पाण्यात लगेच उभे राहायला गेले तर पाऊल दगडांच्या फटीत अडकते आणि माणूस तोंडावर कोसळतो. उथळ लागेपर्यंत उठायचे नाही.

थांबणे किंवा वळसा घेणे यात कमीपणा मानणाऱ्यांसाठी दोन वाटा सांगते. अमेरिकेतल्या अॅपलेशियन ट्रेलवर मेन राज्यात केनेबेक नदी आडवी येते. वरच्या अंगाला वीजनिर्मितीची धरणे आहेत आणि पाणी सुटले की पातळी झपाट्याने चढते. तिथे १९८७ पासून नावेने पलीकडे नेतात, आणि नावेतला प्रवास हाच अधिकृत मार्ग. वाटेची पांढरी खूण त्या नावेच्या तळाला रंगवलेली असते. न्यूझीलंडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी ते आरारोआ ही वाट २०११ मध्ये खुली झाली, सुमारे ३,००० किलोमीटरची. तिच्या आड राकाइया आणि रांगिताता या नद्या येतात. वाट आखणाऱ्यांनी ही दोन्ही पात्रे वाटेतून वगळलीच आहेत. चालणारे वाहनाने वळसा घालून पलीकडे जातात आणि तिथून पुढे चालू लागतात. त्यांची वाट अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही.

आणि परतीचा विचार. अलास्कातल्या टेक्लानिका नदीपलीकडे एक जुनी बस रानात पडून होती. १९९२ मध्ये एक तरुण वसंतात नदी सहज ओलांडून तिच्यापर्यंत गेला. जुलैत परत निघाला तेव्हा वितळत्या बर्फाने नदी फुगली होती. तो मागे फिरला आणि तिथेच उपासमारीने गेला. पुढे ती बस पाहायला लोक जाऊ लागले. २०१० आणि २०१९ मध्ये दोन तरुणी त्याच नदीत बुडाल्या. शेवटी २०२० च्या जूनमध्ये हेलिकॉप्टरने बस उचलून नेली. अमेरिकेतल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत २०१७ साली भरपूर बर्फ पडले होते आणि त्या उन्हाळ्यात पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलच्या लांब पल्ल्यावर निघालेल्या दोघी ओढ्यांत वाहून गेल्या. हिवाळ्यात पडलेल्या बर्फाची बातमी आधीच हाती असते. त्यावरून त्या मोसमात कुठल्या ओढ्यांना उतार उशिरा पडेल हे निघण्यापूर्वी विचारता येते, तारीख पुढे ढकलता येते.

म्हणून आपल्याकडे मागणी अशी. अनेक दिवसांच्या डोंगरवाटेवरचा लेख छापताना त्यात ओढे नावानिशी यावेत: पाणी बर्फाचे की पावसाचे, कोणत्या वेळी ओलांडावे, पूल किंवा वळसा कुठे आहे, आणि पाणी उतरले नाही तर कुठून मागे फिरायचे. लेखकाने हे लिहिले नसेल तर विचारून घ्यावे. अशा सफरींच्या जाहिराती आपण छापता, त्यांच्या आयोजकांना वेळापत्रकात पाण्यासाठी निदान एक राखीव दिवस ठेवायला सांगावे, आणि तो ठेवला आहे की नाही हे जाहिरातीतच छापावे. वाचकांनीही पैसे भरण्यापूर्वी लीडरला एवढे विचारावे: ओढा चढलेला असेल तर तुम्ही काय करता? 'दोर लावतो' असे उत्तर आले तर दुसरा गट शोधावा.

आपली,
एक निवृत्त जलमापन कर्मचारी