जुन्या मोटारीला टर्बो बसवण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जुन्या छोट्या मोटारीला कमी खर्चात टर्बोचार्जर बसवण्याच्या हौसेवर आपल्या पुरवणीत आलेला मजकूर मी आवडीने वाचला. भोसरीतील एका कारखान्याच्या इंजिन-चाचणी विभागात तीस वर्षे काढल्यामुळे या विषयावर गप्प बसणे मला जमत नाही. मजकुरात टर्बोची किंमत होती आणि वाढणाऱ्या ताकदीचे कौतुकही होते. पण ती ताकद ज्या इंजिनातून काढायची त्याच्या प्रकृतीविषयी आणि मालकावर येणाऱ्या कायदेशीर जबाबदारीविषयी एक ओळही नव्हती.

हौसेला मी नावे ठेवत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असलेल्या पुण्यात इंजिनाला मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ हवा मिळते, त्यामुळे चार माणसे आणि वातानुकूलन यंत्र यांचा भार घेऊन कात्रजचा घाट चढणाऱ्या एक लिटरच्या गाडीचा जीव कसा मेटाकुटीला येतो हे आपण सर्वांनी अनुभवलेले आहे. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या वायूंच्या जोरावर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबावी, ही टर्बोमागची, आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याची १९०५ मधील कल्पना अशा वेळी मोहात पाडणारच.

मात्र हिशेब कागदावर दिसतो तेवढा सरळ नाही. पुण्याच्या हवेत ०.३ बार बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, दिला तर दाब सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतो आणि ताकदही तेवढीच वाढेल असे हौशी मंडळी धरून चालतात. दाबलेली हवा तापते, हे त्यात विसरले जाते. बाहेर ३० अंश तापमान असेल तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा साधारण ६५ ते ७० अंशांपर्यंत जाते आणि तिची घनता जेमतेम १७ टक्क्यांनी वाढते. ती हवा इंटरकूलरने ४५ अंशांपर्यंत खाली आणली तर ही वाढ २५ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. खर्च कमी करताना पहिली कात्री नेमकी इंटरकूलरला लागते. तापलेल्या हवेमुळे ताकद कमी मिळते एवढेच नव्हे, तर नॉकिंग, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा अवेळी होणारा स्फोट, ओढवण्याची शक्यताही वाढते.

माझ्या पुतण्याच्या २००३ सालच्या मारुती झेनमध्ये हेच घडले. गाडीचे इंजिन ९९३ सीसीचे, मूळ ताकद सुमारे ६० अश्वशक्ती. जुन्या बाजारातून एका डिझेल मोटारीचा छोटा टर्बो त्याने स्वस्तात आणला, लेथवाल्याकडून इंजिनाचा वायू टर्बोकडे नेणारा मॅनिफोल्ड बनवून घेतला आणि मित्राच्या शेडमध्ये सगळे जोडले. मला सांगितले ते सगळे झाल्यावर. डिझेल इंजिनातून निघणारा वायू पेट्रोलच्या तुलनेत थंड असतो. पेट्रोल इंजिनावर पूर्ण भार असताना तो ९०० अंशांच्या वर जाऊ शकतो आणि डिझेलच्या टर्बोचे चक्र त्या तापमानासाठी घडवलेले नसते. शिवाय टर्बोतील ऑइल केवळ गुरुत्वाकर्षणाने इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमध्ये परत यायला हवे, तर याने परतीची नळी चेंबरमधील ऑइलच्या पातळीखाली जोडली होती. ऑइल टर्बोतच तुंबले आणि सीलमधून सायलेन्सरकडे वाट काढू लागले. पहिल्याच रविवारी निळा धूर मागे सोडत गाडी सिंहगड रस्त्याने फिरून आली, तेव्हा शेजाऱ्यांनी पिस्टनच्या रिंगा गेल्याचे निदान केले होते. ते त्या दिवशी चुकीचे होते, पंधरा दिवसांनी खरे ठरले.

खरा घात झाला तो इंधनामुळे. बूस्टखाली मिश्रण हवा-पेट्रोलच्या नेहमीच्या १४.७ ला १ या प्रमाणापेक्षा बरेच दाट, साधारण १२ ला १ च्या आसपास ठेवावे लागते आणि ठिणगीचे टायमिंग मागे घ्यावे लागते. गाडीच्या मूळ संगणकाला वातावरणापेक्षा जास्त दाब ठाऊकच नसतो. इंजेक्टरही मूळ ताकदीपुरतेच असतात. मे महिन्याच्या दुपारी कात्रजच्या चढावर इंजिन नॉक मारत राहिले आणि मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरमुळे ते कोणाला ऐकूही आले नाही. इंजिन खोलले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा दोन रिंगांमधील काठ तुटलेला निघाला.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की पैसे मर्यादित असतील तर खर्चाचा क्रम उलटा करावा. आधी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजावे. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक मागे असेल तर टर्बोचा विषय तिथेच थांबवावा. त्यानंतर रेडिएटर, पेट्रोल पंप, इंजेक्टर, क्लचप्लेट आणि विशेषतः ब्रेक पाहावेत. मिश्रण मोजण्याचे साधन आणि ते जुळवणारा वेगळा संगणक यांचा खर्च टर्बोच्या कितीतरी पुढे जातो, आणि तो वगळून काम करण्याची सोय नाही. कारखान्यातून टर्बोसह आलेल्या गाडीत हे सर्व आधीच जुळवलेले असते. १.२ लिटरची, १०५ अश्वशक्तीची पोलो जीटी टीएसआय आपल्याच चाकणमध्ये, तर १.४ लिटरची लिनिया टी-जेट रांजणगावला बनत होती. जुन्या गाडीवर करायच्या खर्चात अशी एखादी वापरलेली गाडी बसते का, हे निदान विचारून पाहावे.

कायद्याचा मुद्दा पुरवणीत यायलाच हवा होता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तसा निर्वाळाही दिला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विमा कंपनीपासून हा बदल लपवला तर अपघातानंतर भरपाईवर वाद ओढवतो तो वेगळाच. सीएनजीसाठी मात्र मान्यताप्राप्त किट बसवून नोंद करून घेण्याची वाट कायद्याने दिलेली आहे. वाहनांच्या चाचण्या करणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. कमी बूस्टच्या टर्बो किटसाठीही तशीच चाचणीची आणि मान्यतेची सोय व्हावी, ही मागणी आपल्या दैनिकाने उचलून धरावी आणि तोवर अशा मजकुरासोबत कायद्याची चौकट छापावी, अशी विनंती आहे.

झेनला आता नवे रिंग-पिस्टन बसले आहेत आणि ती साठ अश्वशक्तीवरच कात्रज चढते. तो टर्बो माझ्या माळ्यावर आहे. चक्राची पाती कशी झिजतात हे कोणा वाचकाला पाहायचे असल्यास अवश्य दाखवीन. विकत मात्र देणार नाही.

आपला,
एक निवृत्त इंजिन-चाचणी अभियंता,
कोथरूड, पुणे