दिल्या, वहिनींना एक विचारशील?

प्रिय दिल्या,

वर्ष झालं तुला एक ओळ लिहिली नाही. तुझाच दोनदा फोन आला आणि मी "नंतर करतो" म्हणून केलाच नाही, सॉरी, मनापासून. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, हिचे गुडघे थंडीत कुरकुरतात, बाकी काही नाही.

आता मुद्द्याचं. डिसेंबरमध्ये आमच्या लग्नाला 30 वर्षं झाली. मुक्ताने घरीच सगळ्यांना बोलावलं होतं. जेवणं झाल्यावर जावयाने विचारलं, बाबा, एवढी वर्षं छान कशी गेली, आणि मी अगदी अभिमानाने सांगितलं की आम्ही दोघंही पक्के घरकोंबडे, म्हणून. सगळे हसले, ही पण हसली. रात्री भांडी लावताना मी सहज म्हटलं, खरंय ना गं? तर म्हणाली, "आता खरंय. पहिली सात-आठ वर्षं नव्हतं." आणि डाळ भिजत घालायला गेली. रागाने नाही रे, उद्या पाणी उशिरा येणार हे सांगावं तसं.

तेव्हापासून माझं डोकं तिथेच अडकलंय.

98 चं येऊर आठवतंय? तू आणि सुनंदावहिनी भर पावसात आमच्या दारात, खाली तुझी ती बजाज जी आडवी केल्याशिवाय चालूच व्हायची नाही, आणि मी म्हटलं आम्ही नाही येत, इथेच भजी करू. तू जिन्यात ओरडलास, "तिला विचारलंस का?" त्यावरून सहा महिने बोललो नाही आपण. मला वाटलं तू माझ्या संसारात नाक खुपसतोयस. मी खरंच विचारलं नव्हतं दिल्या. तू बरोबर होतास.

मी सोमवार ते शनिवार सकाळी कंपनीच्या बसने रबाळ्याला, येताना कळव्याच्या पुलावर तासभर अडकलेला, ठाणे-वाशी लोकल यायला 2004 उजाडलं, तोवर हेच. रविवारी उंबऱ्याबाहेर पाय टाकायला नको वाटायचं. पण ती तर आठवडाभर त्याच दोन खोल्यांत होती ना, आईचं पथ्य, मुक्ताचं आजारपण, पाण्याची वेळ, आणि रविवारी मी घरी म्हणजे तिला काम उलट जास्त. दिवाळीच्या पहाटे ती ताईबरोबर तलावपाळीला जायची, केवढी नटून, आणि मी अंथरुणात. 2003 ला ती पतपेढीत लागली आणि मग रविवारी तीच म्हणायला लागली, आज कुठे नको हं. मी समजलो हिला माझ्यासारखी घराची गोडी लागली. अरे, तिला घरात नुसतं बसायला तेव्हा पहिल्यांदा मिळालं होतं, कारण आता रविवारी स्वयंपाक निम्मा माझ्याकडे आला होता.

नंतरच्या वर्षांची मला शंका नाही. जांभळी नाक्यावरून दोन किलो मटार आणायचे आणि गप्पा मारत सोलत बसायचं, चारचा चहा मी करायचा, ती गॅलरीत पाय वर घेऊन शब्दकोडं सोडवणार, अडलं की हाक मारणार. कधी तासभर कोणी बोलतही नाही. हे सुख खरं आहे, ते दोघांचं आहे, एवढं मला कळतं. पण त्या सात-आठ वर्षांचं काय करू? मागच्या रविवारी म्हटलं, चल, उपवनला तळ्याकाठी बसू. माझ्याकडे बघत म्हणाली, "प्रायश्चित्त म्हणून नको. मला जायचं असेल तेव्हा मी सांगेन."

तेव्हा ती वहिनींशी सगळं बोलायची. रडायची का रे? विचार ना त्यांना. आणि मला जे असेल ते सांग, गोड करून नको.

निखिलचं लग्न ठरलं कळलं, फार छान झालं, तारीख कळव, आम्ही पुण्याला येतोय, हो, मी पण. दाताचं काम झालं का?

उत्तर पत्रानेच पाठव, माझा फोन निम्म्या वेळा तीच उचलते. तुझं अक्षर डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं आहे तरी चालेल, लावीन मी.

तुझा,
अव्या