आप्पांचा हात धरणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

त्या रविवारी तुमच्याकडे सिनेमा बघून जिना उतरताना तुमचे नीट आभारही मानता आले नाहीत. घसा दाटून आला होता.

आप्पांनी 'वन वीक'ची १६ मिलिमीटरची प्रिंट चाळीस वर्षं कपाटात जपली. अमेरिकी विनोदवीर बस्टर कीटनची १९२० सालची दोन रिळांची मूक कॉमेडी. नवं जोडपं, खोक्यांतून आलेलं जुळणीचं घर, आणि खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवणारा जळकुटा. आप्पांना आता अजिबात ऐकू येत नाही. टीव्ही लागला की ते उठून गॅलरीत जाऊन बसतात. निदान हा सिनेमा तरी त्यांना पुरता बघता यावा, एवढंच मनात होतं.

तुमच्याआधी दोन ठिकाणी हेलपाटे घातले. एकाने रीळ डिजिटल करून दिलं ते बोलपटाच्या वेगाने, सेकंदाला २४ चौकटी. हाताने हँडल फिरवून, याहून कमी वेगाने चित्रित केलेला सिनेमा तो! माणूस पडला कधी, उठला कधी, कळेना. दुसऱ्याने रुंद टीव्हीवर भरावं म्हणून चित्र वरून-खालून कापलं. निम्म्या वेळा डोकीच गायब. बोललो तर म्हणाला, "जुने पिक्चर असेच असतात हो." ते वाक्य अजून डाचतं. नसतात जुने पिक्चर असे. रुळांवर अडकलेल्या घराशेजारून पहिली गाडी निघून जाते, दोघं सुटकेचा श्वास सोडतात, आणि मग उलट्या बाजूने दुसरी येते. सगळी गंमत त्या मधल्या श्वासात आहे. घाईने दाखवलं की तो श्वासच जातो.

तुम्ही रीळ प्रोजेक्टरवर लावून वेग कमी केलात आणि पडद्याकडे न बघता आप्पांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलात. मग काही न बोलता त्यांचा हात उचलून प्रोजेक्टरच्या बैठकीवर ठेवलात. ती खडखड त्यांच्या बोटांत गेली. त्यांनी दचकून माझ्याकडे बघितलं. दुसरी गाडी घरावर आदळली तेव्हा आप्पा मोठ्याने हसले. किती वर्षांनी ऐकलं मी ते हसू! हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसेही ठरले नव्हते. असं बघणारी माणसं अजून आहेत, म्हणून म्हाताऱ्या माणसाला घेऊन कुणाच्या दारात जायचा धीर होतो.

पैशांचं विचारलं तर म्हणालात, "रिळाला व्हिनेगरचा वास यायला लागलाय, म्हणजे फिल्म खराब व्हायला लागलीय, आधी ते बघा." बघितलं. गंजलेला डबा बदलला, रीळ कपाटातून काढून थंड, कोरड्या जागी ठेवलं.

आप्पा रोज पाटीवर लिहून विचारतात, परत कधी जायचं?