चिठ्ठीपायी तास घालवू नका

ज्या ज्या देशांत तातडीची गर्भनिरोधक गोळी अजून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, तिथल्या आरोग्यमंत्र्यांस,

सविनय नमस्कार.

कंडोम फाटतो शनिवारी रात्री आणि दवाखाना उघडतो सोमवारी. मधले तास तुमच्या नियमात जातात. मी स्वतः चिठ्ठ्या लिहिणाऱ्या जमातीतली आहे, तरी सांगते, या गोळीला आमच्या सहीची गरज नाही.

ही गोळी म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल. तिची १.५ मिलिग्रॅमची मात्रा संबंधानंतर ७२ तासांत घ्यावी, असं सांगतात. त्यामुळे एकाहत्तराव्या तासालाही ती पहिल्या तासाइतकीच चालते, असा चुकीचा समज होतो. ती बीजांड सुटणं लांबवते, तिचं मुख्य काम तेच. पुरुषबीज शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतं, म्हणून तेवढ्या काळात बीजांड सुटू द्यायचं नाही. सुटण्याची प्रक्रिया एकदा पुढे गेली की गोळीचा फारसा उपयोग उरत नाही, आणि ती वेळ नेमकी कोणती हे घरी बसून कुणालाच सांगता येत नाही. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. गर्भपाताची औषधं वेगळी. विरोध करणारे नेमके इथेच घोळ घालतात.

आता, चिठ्ठी लिहिण्याआधी आम्ही काय तपासतो? संबंध कधी आला, शेवटची पाळी कधी आली, फिट्सची काही औषधं किंवा क्षयाचं रिफाम्पिसिन चालू आहे का (त्यांनी गोळीचा असर कमी होतो), वजन किती, एवढं विचारतो. बळजबरी तर झाली नाही ना, हेही विचारायला हवं. यातल्या एकाही प्रश्नासाठी बाईला टेबलावर झोपवावं लागत नाही. सगळे फोनवर विचारता येतात आणि प्रशिक्षित फार्मासिस्ट काउंटरपाशीही विचारू शकतो. ज्यांना तांबी बसवून घ्यायची असेल त्यांना मात्र दवाखान्यात यावंच लागेल. पाच दिवसांच्या आत बसवली तर तांबीइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही, हे फोनवर सांगणंही आमचंच काम.

फ्रान्सने १९९९ मध्ये चिठ्ठीची अट काढली. ब्रिटनमध्ये २००१ पासून फार्मासिस्ट ही गोळी देतात, जर्मनीत २०१५ पासून. अमेरिकेची कथा मात्र तुम्ही सावकाश वाचावी, कारण तिच्यात एक मंत्री आहे. डिसेंबर २००३ मध्ये औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २३ विरुद्ध ४ मतांनी चिठ्ठी नको असा कौल दिला. २००४ मध्ये प्रशासनाने तो नाकारला. २००६ मध्ये १८ वर्षं आणि त्यावरच्यांना चिठ्ठीशिवाय घेण्याची परवानगी मिळाली. २०११ मध्ये प्रशासन वयाची अटही काढायला तयार झालं, तर आरोग्यमंत्री कॅथलीन सेबेलियस यांनी तो निर्णय फिरवला. शेवटी न्यायालयाने आदेश दिला आणि २०१३ मध्ये वयाची अट गेली. तज्ज्ञांनी एका बैठकीत सांगितलेलं पदरात पडायला जवळजवळ दहा वर्षं लागली.

मुली बेफिकीर होतील, ही भीती तुमच्या कानावर घातली जाईलच. बायकांना गोळ्या आधीच घरी देऊन ठेवण्याचे प्रयोग झालेले आहेत. त्यांत लैंगिक आजार वाढलेले दिसले नाहीत, नेहमीची गर्भनिरोधकं सोडून देण्याचं प्रमाणही वाढलं नाही. हेही कबूल करायला हवं की नको असलेल्या गर्भधारणांचा एकूण आकडाही त्या प्रयोगांत घटला नाही. तेव्हा लोकसंख्येच्या तक्त्यात काही चमत्कार होईल म्हणून हे करू नका. त्या रात्री घाबरलेल्या एका बाईला औषध वेळेवर मिळावं, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

लेव्होनॉर्जेस्ट्रेल चिठ्ठीशिवाय द्या. वयाचा दाखला, नवऱ्याची संमती, नावनोंदणी, यातलं काही मागू नका. पाचव्या दिवसापर्यंत चालणारी दुसरी तातडीची गोळी म्हणजे युलिप्रिस्टल; तिची चिठ्ठी तुम्हाला ठेवायचीच असेल, तर ती फोनवर द्यायची मुभा असू द्या, रात्री आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा, आणि डॉक्टरने थेट दुकानात कळवलेलं फार्मासिस्टला ग्राह्य धरता यावं. एखाद्या फार्मासिस्टला आपल्या श्रद्धेमुळे गोळी द्यायची नसेल, तर जवळ कुठे मिळेल ते सांगणं त्याच्यावर बंधनकारक करा. आणि तुमच्या नियमात ‘प्रत्यक्ष तपासणीनंतरच’ असे शब्द असतील, तर निदान या दोन औषधांपुरते ते वगळण्याचा आदेश काढा. त्याला नवा कायदा लागत नसेल, तर तो या आठवड्यातही निघू शकेल.

आपली,
चिठ्ठ्या लिहिणारी एक डॉक्टर