अप्पांचा रिमोट

शहापूर, बेळगाव

सुन्या,

पाच महिने तुझा फोन उचलला नाही, शिव्या घालून झाल्या असतील तर वाच. मी बरा आहे, शुगर आहे तिथंच.

अप्पांचं कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सनचं, ऑपरेशन झालं, बेंगळूरला. मेंदूत दोन बारीक तारा आणि छातीत कातडीखाली बॅटरी. गंमत म्हणजे मशीन चालू व्हायच्या आधीच थरथर कमी झाली, मी पेढे वाटायला निघालो, तर डॉक्टर म्हणाले तार घुसताना तिथली जागा दुखावते त्याचं हे, टिकायचं नाही. नाहीच टिकलं. महिन्यानं मशीन चालू केलं, सेकंदाला विजेचे १३० बारीक झटके, आणि उजवा हात बघता बघता गप्प! ताठरपणाही थोड्या वेळात सैल. गोळ्या निम्म्यावर आल्या. दुसऱ्या आठवड्यात अप्पांनी ब्रश मागितला, पाटीवर "श्री" काढला, तसाच रे, शेपूट वळवलेला.

पण उंबऱ्याशी पाय चिकटतो तो चिकटतोच. डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं, थरथर सोडली तर गोळीनं जे सुधारतं तेच ह्यानं सुधारतं, गोळीला जे दाद देत नाही ते ह्यालाही देत नाही. ते पटलं. आवाजाचं पटत नाही. पार खाली गेलाय, पुटपुटल्यासारखा. ज्या आवाजानं तुला नि मला गल्लीच्या टोकावरनं हाका मारायचे तो. (तांबड्या रंगाचा डबा तूच सांडलास, मार मी खाल्ला, विसरलो नाही.)

एकादशीला भजनात चाल धरली तर पुढच्या माणसालाही ऐकू येईना. मला खुणावलं, कमी कर. रिमोट माझ्याकडं असतो, डॉक्टरांनी दिलेल्या हद्दीत एक-दोन पायऱ्या खालीवर करता येतात. एक पायरी उतरवली. आवाज जरा मोकळा झाला, आणि हातातल्या चिपळ्या आपोआप वाजायला लागल्या, ताल सोडून. लोक हसले, अप्पाही हसले, माझ्याच्यानं बघवेना, मी परत वर केलं. अभंग अर्धाच राहिला.

तेव्हापासनं वरच ठेवलंय. आई म्हणते हात चालतोय तर गप्प बस की. अप्पा मागत नाहीत. पण सुन्या, हात त्यांना हवाय म्हणून वर ठेवलंय का मला ती थरथर बघायची नाही म्हणून? पुढच्या महिन्यात बेंगळूरला दाखवायचंय, सेटिंग बदलून बघतील, तोपर्यंत बटण माझ्या हातात. तू त्यांच्या मागं टाळ धरून बसलायस, तूच सांग.

पोरीची ॲडमिशन झाली का? वहिनींचा गुडघा कसा आहे? पुण्याला कोण निघालं की कुंदा देतो पाठवून.

ये एकदा. अप्पांच्या अगदी जवळ बसावं लागतंय आता.

तुझा,
बाळ्या