दुपारची ठोकाठोक

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर बाबा दोन वाक्यांत 'बरंय, आईला देतो' म्हणतात आणि आई कुकरची शिट्टी झाली म्हणून उठते. म्हणून लिहितेय. सावकाश वाचा. बाबा, थेंब घालून झाल्यावर लगेच वाचायला बसू नका.

आधी सोपं ते सांगते. शनिवारी माझ्या ऑफिसातली एक मुलगी घरी येईल. तिच्याकडे काळी पिशवी असेल, त्यात दुर्बीण आहे. किंमत विचारू नका. तिलाही विचारू नका, तिला मी पढवून ठेवलंय. दुसरं म्हणजे नगर वाचन मंदिराचा फॉर्म बापूकाकांकडे भरून तयार आहे, वर्गणीचे पैसेही मी त्यांना पाठवलेत. तुमची सही तेवढी बाकी आहे. 'मला न विचारता' सुरू करू नका. विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात.

हे खूळ चिनूमुळे शिरलं. इथल्या गावच्या ग्रंथालयात पुस्तकांसारखी दुर्बीणही कार्डावर घरी देतात. पाठीवरची पिशवी, आत दुर्बीण आणि इकडच्या पक्ष्यांच्या चित्रांचा घडीचा कागद. थंडीत घरात कोंडून वैतागलेल्या चिनूने ती उचलून आणली. पहिले चार दिवस मला नुसत्या फांद्या दिसत होत्या. पाचव्या दिवशी बर्फावर लालभडक कार्डिनल बसलेला दिसला आणि मी चहा उतू घातला. पिशवी तीन आठवड्यांनी परत करायची होती. मी ती पुन्हा आणली, आणि मग पुन्हा.

आता खरी गोष्ट. गेल्या महिन्यात आई स्पीकरवर पापडांचं सांगत होती, तेव्हा शेजारी चिनूच्या फोनवर आवाजावरून पक्षी ओळखणारं अॅप चालू होतं. मधेच त्यावर नाव उमटलं, कॉपरस्मिथ बार्बेट. चिनू ओरडली, 'आजीच्या घरात पक्षी आहे!' मी कान दिला. टुक, टुक, टुक. बाबा, ज्या दुपारच्या ठोकाठोकीबद्दल तुम्ही सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज दिलात ना, 'विश्रांतीच्या वेळेत दुरुस्तीकाम', ती ठोकाठोक करणारा मिस्त्री हा आहे. तांबट! चिमणीएवढा, हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा. चोच मिटूनच आवाज काढतो, म्हणून समोर बसलेला असला तरी हाच बोलतोय हे कळत नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. कसब्यातला रविवार आठवत राहिला. तुमचं बोट धरून तांबट आळीतून जायचं, मी कान झाकायचे, आणि तुम्ही माझा एक हात खाली ओढून विचारायचात, 'ओळख, हंडा की पातेलं?' मी कायम हंडा म्हणायचे. तुम्ही कधीही चूक म्हणाला नाहीत. ज्या माणसाला नुसत्या ठोक्यावरून भांडं कळायचं, त्याला गॅलरीसमोरचा तांबट कळू नये? तर राग मानू नका, पण तुम्ही गॅलरीत बसतच नाही, टीव्हीसमोर बसता. कट्ट्यावरचे काका गेल्यापासून तुम्ही खाली उतरला नाहीत, हेही मला कळलंय. हे आईने सांगितलं असं समजू नका.

आणि आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. मी जूनमध्ये कायमची येणार होते. येत नाहीये. आणखी दोन वर्षांच्या करारावर सही केली, मागच्याच आठवड्यात. चिनूची शाळा अर्धवट तोडायची नव्हती, ह्यांचं काम आत्ता कुठे मार्गी लागलंय, आणि परत येऊन वर्षभर नोकरी शोधत बसणं या वयात मला झेपणार नाही. कारणं खरी आहेत. तरी सही करताना, जानेवारीत मोतीबिंदूच्या वेळी तुमच्या डोळ्यावर पट्टी असताना आई एकटी रिक्षा शोधत होती, तेच डोळ्यांसमोर येत होतं. दुर्बीण त्याची भरपाई आहे असं मुळीच नाही. पण नवीन भिंग बसवून घेतलंय ते काय फक्त बातम्या बघायला?

डिसेंबरात तीन आठवडे येतेय, तिकिटं काढली आहेत. गाडी करून भिगवणला जाऊ. उजनीच्या पाण्यावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो असतील, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस असतील. आई, तू दशम्या कर, बाकी काही करू नकोस.

तोवर माझं ऐकायचं. दुर्बीण आठ बाय बत्तीसची घेतलीय, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग बत्तीस मिलिमीटरचं; बेचाळीसची मनगटाला जड झाली असती. चष्मा लावून बघणार असाल तर डोळ्याकडची रबरी कडी खाली दुमडा. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याचं नीट करा, मग डावा मिटून उजव्याकडची कडी फिरवा. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी पकडा, नजर न हलवता दुर्बीण वर आणा. सूर्याकडे चुकूनही नको. टेकडीवर अंधारात नको, आणि एकट्याने तर नकोच. गुडघा कुरकुरला तर एम्प्रेस गार्डनमधला बाक चालेल. कवडी पाटाला आत्ता जाऊ नका, पाहुणे पक्षी परतीला लागलेत, नोव्हेंबरात बघू. बिस्किटं खिशात ठेवा, साखर उतरते तुमची.

वाचनालयात पक्ष्यांची पुस्तकं मागा. सलीम अलींचं 1941 पासून निघतंय ते, आणि चितमपल्लींचा पक्षिकोश आहे का विचारा, त्यात मराठी नावं मिळतील. लक्ष्मी रस्त्यावर जाताच आहात तर आईला नेसायचं काहीतरी घ्या. नोंदी करायला नवी वही आणू नका, कपाटात एलआयसीच्या कोऱ्या डायऱ्यांचा गठ्ठा आहे. तारीख, वेळ, काय दिसलं. दुधाचा हिशेब लिहिता तसंच. आई, तू लिहू नकोस, तू नुसतं सांग. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुला त्यांच्यापेक्षा जास्त पक्षी दिसतात हे मला माहितेय. ते नळावर येणारं काळं-पांढरं, शेपटी वर करणारं, ज्याला तू 'पाहुणा' म्हणतेस, तो बहुतेक दयाळ. चिनू दर रविवारी यादी मागणार आहे.

पायात मोजे घालून झोपत जा, दोघंही.

तुमची,
छकुली

ता. क. सेक्रेटरींना दिलेला अर्ज मागे घ्या. आई म्हणाली, उंबराची वाळकी फांदी ते पावसाळ्याआधी तोडणार आहेत. तांबट असल्याच फांदीत भोक पाडून घरटं करतो, आत्ता त्याचे तेच दिवस आहेत. तुम्हाला कायदा लागतोच, तर 1975 चा महाराष्ट्राचा झाडांचा कायदा आहे, महापालिकेच्या परवानगीशिवाय असं झाडाला हात लावता येत नाही. तुमच्या त्याच करड्या अक्षरात नवीन अर्ज लिहा, पोच घ्या, आणि एक प्रत मला पाठवा.