माळ्यावरचे खोके भंगारात देऊ नका

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनच करणार होते पण बाबा, फोनवर तुम्ही "बरं, ठीकंय, जेवलीस का" एवढं बोलून लगेच फोन आईच्या हातात देता, म्हणून लिहायलेय. आई, तू चष्मा लावून मोठ्यानं वाचून दाखव, आणि मधलं काही गाळू नकोस.

परवा आईनं सांगितलं की आपल्या टू-व्हीलरच्या दुकानाचा बोर्ड उतरवला. दोन पोरं शिडी लावून आली, पाऊण तासात खाली घेतला, आणि तुम्ही आत काउंटरवर बसून होतात, बाहेर आलाच नाहीत. ते ऐकल्यापासून मला नीट झोप नाही. आणि मग कळलं की मोंढ्यातल्या भंगारवाल्याला बोलावलंय, माळ्यावरचे सगळे खोके किलोवर द्यायचेत. बाबा, तेवढं थांबवा. का थांबवा ते पुढं लिहिते पण त्याआधी दुसरं एक बोलायचंय, आठ-नऊ वर्षं झाली, मनात तसंच आहे.

२०१७ चा पाडवा आठवतोय ना. २८ मार्च. मी पाडव्याला घरी आले होते. सकाळपासून दुकानात हार, नारळ, पेढे, चाकाखाली लिंबू, एका दिवसात चार गाड्या गेल्या, आईची बोटं पेन्सिलीच्या शिशानं काळी झालेली. चेसिस नंबरवर पेन्सिल घासायची, वरून सेलोटेप दाबायचा, अलगद उचलायचा आणि कागदावर चिकटवायचा, आरटीओच्या फॉर्मला एक आणि आपल्या वहीत एक. आईसारखी प्रिंट कुणाचीच यायची नाही, आपले मेकॅनिक चाचा काढायचे तर एखादा आकडा फुटायचाच.

आणि दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की १ एप्रिलपासून बीएस-थ्री, म्हणजे धुराच्या जुन्या नियमातली गाडी विकायचीच नाही. आपल्याकडं सात गाड्या उभ्या. त्यातल्या चार तर तुम्ही मागवल्याच नव्हत्या, आपल्याला गाड्या देणाऱ्या वरच्या डीलरनं मार्च अखेर म्हणून बिल फाडून पाठवून दिलेल्या, महिन्याचं टार्गेट त्यांचं आणि व्याज आपल्याला. दोन दिवसांत देशभर डिस्काउंट सुटला, गावोगावी शोरूमसमोर झुंबड उडाली, आपल्याकडंपण तोट्यात पाच गेल्या, दोन राहिल्या त्या तुम्ही स्वतःच्या आणि काकांच्या नावावर करून ठेवल्या. एवढ्यावर भागलं असतं. पण पाडव्याला गाडी नेलेले चौघं परत आले, कालच तर पूर्ण पैसे भरले आणि आज तीच गाडी स्वस्त, आम्ही काय गुन्हा केला म्हणाले. कायद्यानं तुम्ही काही देणं लागत नव्हतात. तरी तुम्ही चौघांना प्रत्येकी पाच हजार परत दिले. गल्ल्यात नव्हते तर आईच्या पाटल्या सोसायटीत ठेवून दिले.

तेव्हा मी ओसरीवर सगळ्यांसमोर म्हणाले की बाबा तुम्हाला धंदा कळत नाही. तुम्ही काहीच बोलला नाहीत, उठून गाड्या आत घेतल्या. ते मी बोलायला नको होतं. मला माफ करा.

आज मी जिथं नोकरी करते तिथं माझ्या टेबलावर ह्याच फायली येतात. आपल्यासारखे तालुक्यातले सब-डीलर, वर्किंग कॅपिटलचं लोन, थकलेले हप्ते. परभणीकडची फाइल असो, धाराशिवकडची असो, गोष्ट तीच. आधी नोटाबंदी, सोयाबीन विकून रोख पैसे घेऊन येणारा शेतकरी एकदम बँकेच्या लायनीत उभा. मग पाडव्याचा तो प्रकार. मग सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला एकदम पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा, म्हणजे गाडी घेतानाच काही हजार जास्तीचे. मग ब्रेकचे नियम, मग एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स, आणि नेमकं त्याच वेळी लॉकडाऊन. पन्नास-पंचावन्न हजारांत घरी जाणारी शंभर सीसीची गाडी बघता बघता ऑनरोड लाखाच्या जवळ गेली. ज्या माणसाच्या सोयाबीनला २०२५ ला मोंढ्यात क्विंटलला चार-सव्वाचार हजार मिळाले, हमीभाव ५३२८ कागदावर असताना, तो लाखाची गाडी कुठून घेणार. तो जुन्या गाडीचंच इंजिन पुन्हा बोअर करून घेतो, नाहीतर सेकंडहॅण्ड बघतो.

२०१८-१९ ला देशात २ कोटी ११ लाखांच्या वर टू-व्हीलर गेल्या होत्या. २०२१-२२ ला त्या दीड कोटीच्या पण खाली, १ कोटी ३५ लाखांच्या आसपास आल्या. म्हणजे तीन गाड्यांतली एक गायब. ह्यात तुमचं कुठं काय चुकलं, सांगा मला.

तुम्ही म्हणाल आता तर परत विक्री वाढली. वाढली, खरंय, २०२४-२५ ला १ कोटी ९६ लाखांपर्यंत आली. पण बाबा, त्या गाड्या आपल्यासारख्या दुकानातून जात नाहीत आणि घेणारा माणूसपण तो राहिला नाही. तुमचं गिऱ्हाईक काय विचारायचं? ॲव्हरेज किती, रिसेल काय, मागं पोतं बसतं का, आणि बायको दोन लेकरं घेऊन बसली तर चढावर ओढते का. चारच प्रश्न. ऊसतोडीची उचल मिळाली की केज-धारूरकडची माणसं यायची, सीटवर हात फिरवून बघायची, मागच्या शॉकॲबवर सगळा भार टाकून दाबून बघायची. आता माझ्या ऑफिसमधली पोरं गाडी कशी बघतात तर मोबाईलवर, रात्री बारा वाजता, चार व्हिडिओ बघून रंगसुद्धा ठरवून टाकतात. मायलेज कुणी विचारत नाही, आवाज कसा आहे आणि फोटोत कशी दिसते ते बघतात. पहिलीच गाडी साडेतीनशे सीसीची, हप्त्यावर, नाहीतर मग सरळ इलेक्ट्रिक स्कूटर. मधली जी आपली कामाची मोटारसायकल होती तिच्यावर जीव असलेला पोरगा क्वचित दिसतो. मी त्यांना नावं ठेवत नाही, त्यांना ना पोतं न्यायचंय ना उसाच्या फडावर जायचंय. पण आपलं दुकान उभं राहिलं ते पोतं नेणाऱ्याच्या जिवावर.

आणि तो पोतं नेणारा तरी गावात कुठं आहे. आपल्या गल्लीतली किती पोरं चाकणला, रांजणगावला, वाळूजला आहेत मोजा. पगार तिकडं, हप्ता तिकडं, गाडीपण तिकडंच घेतात. यात्रेला गावी आली की पुण्याकडच्या एमएच १२ आणि एमएच १४ च्या नंबरप्लेटी, आपली एमएच ४४ नवी गाडी क्वचित दिसते. जे गावात राहिलेत ते लातूरला जातात, हजार-दीड हजार कमी पडतात, वर सीटकव्हर फुकट. आणि मग पहिली सर्व्हिसिंग करायला आपल्याकडं येतात. तुम्ही एकालासुद्धा "जिथून घेतली तिकडं जा" म्हणाला नाहीत.

कंपन्यांचं बघा. महागड्या गाड्यांसाठी वेगळीच शोरूम, होंडाची बिगविंग, यामाहाची ब्लू स्क्वेअर, हिरोची प्रीमिया, काचा, टाईल्स, एसी, कॉफी. आपल्या दोन गाळ्यांत ते कुठं बसवणार होतो. इलेक्ट्रिकचं तर विचारूच नका, २०२१ ला ओलानं ४९९ रुपयांत फोनवरून बुकिंग घेतलं, मधे डीलर नावाचा माणूसच ठेवला नाही. म्हणजे गाडी विकायला आता गावात ओळख लागत नाही, जी तुमची सगळी कमाई होती.

तुम्ही नेहमी सांगायचात की वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ ला सुरू झाला तेव्हा मराठवाड्याची पोरं पहिल्यांदा गाडी नुसती चालवायला नाही तर बनवायला लागली. आता एथरपण संभाजीनगरला बिडकीनकडं कारखाना टाकायलीय, बॅटरीच्या स्कूटरचा. तुमची लुना आणि काकांची चेतक, दोन्ही नावं परत आली, पण बॅटरीवर. चेतक २०२० ला, लुना २०२४ ला. मी पुण्यात सिग्नलला चेतक बघते तेव्हा काकांची डाव्या बाजूला झुकवून किक मारायची सवय आठवते. आता ती किकच नाही.

२०२५ ला मला वाटलं होतं जरा हात मिळेल. २२ सप्टेंबरला जीएसटी २८ वरून १८ वर आला, साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्या स्वस्त झाल्या, नवरात्रात देशभर तुफान विक्री, आमच्याकडं फायलींचे ढीग. आणि नेमक्या त्याच आठवड्यात आपल्याकडं अतिवृष्टी, मांजरा-सिंदफणा फुटून वाहायलेल्या, सोयाबीन रानातच सडलं, काहींची तर मातीपण वाहून गेली. दसऱ्याला तुम्ही एकच गाडी दिलीत. तीपण एका शिक्षकाला. त्या रात्री आईनं फोन केला आणि काहीच बोलली नाही, नुसती "हं, हं" करत राहिली, तेव्हाच मला कळलं होतं की तुमचं ठरलंय.

दुकान बंद केलंत ते बरोबर केलंत बाबा. मी अडवत नाही. माझं मत विचाराल तर दोन वर्षं आधीच करायला पाहिजे होतं, निदान व्याज तरी थांबलं असतं. गाळा भाड्यानं द्या, मोबाईलवाला मागतोय ना, देऊन टाका. पण मागचं गॅरेज आणि माळा देऊ नका.

त्याचं कारण आता सांगते. आमच्या सोसायटीत एक पोरगा आहे, आयटीत, चोवीस-पंचवीस वर्षांचा. त्यानं जुनी आरएक्स हण्ड्रेड घेतलीय. यामाहानं ती १९९६ ला बनवायची बंद केली, म्हणजे ह्याच्या जन्माच्या आधी, आणि हा तिच्यासाठी रात्र रात्र जागतो. इंजिन चालू आहे, पण साइड पॅनल आणि मागच्या दिव्याची काच ओरिजिनल पाहिजे. डुप्लिकेट सगळीकडं मिळतात, ओरिजिनल नाही. मागच्या महिन्यात त्यानं एका पॅनलला अडीच हजार मोजले, तेपण एका बाजूच्याच. मी त्याला सहज म्हणलं की आमच्या माळ्यावर असले खोके पडून आहेत, तर तो माझ्याकडं असा बघत राहिला जसं काही मी देवळातल्या गाभाऱ्याबद्दल बोलतेय. आणि तो एकटा नाही, पुण्यात, संभाजीनगरला, नांदेडला पण अशी पोरं आहेत, कुणाला येझदी उभी करायचीय, कुणाला बापाची बॉक्सर.

तुमच्या माळ्यावर काय आहे ते मला पाठ आहे. खिडकीजवळ पत्र्याच्या पेटीत कार्बोरेटर, जापानी मिकुनी तीन तरी आहेत, तेलकट कागदात गुंडाळलेले. त्याच्या मागं बॉक्सरची टाकीवरची नावं. क्लच प्लेटी, गॅस्केट, हेडलाइटच्या रिंगा, राजदूतचं काय काय. दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या गॅरेजला यायच्या म्हणून तुम्ही घेऊन ठेवायचात आणि आई ओरडायची की पैसे अडकवले. ते भंगारात किलोवर गेलं तर बाराशे-पंधराशे येतील.

आणि चाचांचा विचार करा. बीएस-सिक्सच्या गाड्यांना कार्बोरेटरच नाही, सगळं इंजेक्शन, स्कॅनर लावल्याशिवाय दोष कळत नाही, म्हणून चाचा गप्प गप्प झालेत असं आई म्हणते. पण क्लचच्या तुटक्या वायरमधली एक तार काढून पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, साफ करणारा माणूस आज शोधून सापडत नाही. मी लहानपणी बघितलंय, जेट उजेडाकडं धरायचे, एक डोळा मिटायचे, तार हळूच आरपार घालायचे आणि मग फुंकर. त्या आयटीतल्या पोराची गाडी तीन गॅरेज फिरलीय, अजून थंडीत सकाळी चालू होत नाही. मी त्याला म्हणलंय चाचांकडं घेऊन चल, तो खरंच निघालाय, संक्रांतीनंतर सुट्टी टाकून.

ह्यानं आपलं घर चालणार नाही हे मलापण कळतं. महिन्याला दोन पार्ट जातील, कधी एकपण जाणार नाही. घरखर्चाचं मी आणि दादानं बोलून ठरवलंय, त्यावर वाद नको. पण तुम्ही सकाळी दहाला शर्ट इन करून कुठंतरी निघालं पाहिजे आणि तिथं तुम्हाला विचारायला कुणीतरी आलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. चाचांनापण.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघते, शनिवारी सकाळी पोहोचते. भंगारवाल्याला सोमवारनंतर ये म्हणून सांगा, पैसे घेतले असतील तर परत द्या. शनिवार-रविवार दोघं मिळून खोके खाली घेऊ, एकेक पार्ट पुसून फोटो काढू, कुठला कशाचा ते तुम्ही सांगा मी लिहून घेते. तुम्ही माळ्यावर चढू नका, गुडघ्याचं लक्षात ठेवा, मी चढते.

आई, तुझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यातल्या चेसिस प्रिंटच्या वह्या कुठंयत बघून ठेव. रद्दीत गेल्या नाहीत ना? त्यात पाडव्याच्या त्या चार गाड्यापण असतील. मला ते पान बघायचंय.

तुमची लेक